आधीचा विस्तव

गेल्या आषाढात काही दिवस मी चिचगडास जाऊन राहिलो होतो. हे गाव पुष्कळ वाचकांस ठाऊक असण्याचा संभव नाही. पूर्वी भंडारा जिल्ह्यात मोडणारे आणि १९९९ सालापासून गोंदिया जिल्ह्यात गेलेले, देवरी तालुक्यातले हे गाव. भोवती धानाच्या बांध्या, बांध्यांपलीकडे मोह, ऐन आणि बांबू यांचे रान, आणि त्या बाजूने पुढे गेले की छत्तीसगडची हद्द. नोकरीतून मोकळ्या झालेल्या मनुष्यास जन्मगाव फार गोड वाटू लागते असे म्हणतात. मला ते त्या वेळी मुख्यतः ओले वाटले. तीन दिवस पाऊस उघडला नव्हता. भिंतीला ओल, कपड्यांना ओल, आणि काड्यापेटीतली काडीदेखील चार वेळा ओढल्यावाचून पेट घेण्यास राजी नसे.

चौथ्या दिवशी सकाळी मी चहाचे आधण ठेवले, तो गॅसची शेगडी दोनदा भकभकली आणि विझली. सिलिंडर संपला होता, आणि दुसरा आणणारी गाडी अशा पावसात येण्याची आशा नव्हती. मागच्या पडवीत आईची चूल अजून शाबूत होती. कोपऱ्यात थोडे सरपण होते, भिंतीला टेकून लोखंडी फुकणीही होती. चूल पेटवावी असे मनात आणले आणि बसलो. जाड लाकडे नीट रचली, वर रॉकेल नाही म्हणून कागद टाकले, आणि काडी लावली. कागद जळून गेले. लाकडे जशीच्या तशी. पुन्हा कागद, पुन्हा काडी, पुन्हा धूर. अर्ध्या तासात डोळ्यांतून पाणी वाहू लागले आणि खोकून खोकून जीव अर्धा झाला. शेजारच्या म्हाताऱ्या मावशी पडवीच्या कुडापलीकडून हे सर्व पाहत होत्या. त्या हसल्या नाहीत, ही त्यांची भलमनसी; पण "पुण्याले काय करत होता जी तुमी?" एवढे त्यांनी विचारलेच.

त्या प्रश्नाचे खरे उत्तर देण्याचे मला धैर्य झाले नाही. पुण्यास मी पस्तीस वर्षे आग लावण्याचाच धंदा केला होता. एका इंजिनच्या कारखान्यात, जेथे नव्या इंजिनांची परीक्षा होते त्या खोलीत, माझे सारे आयुष्य गेले; आणि त्यातली शेवटची काही वर्षे तर केवळ एका प्रश्नात गेली, की पेट घेण्यास नाखूष असलेला वायू इंजिनात पुरतेपणी कसा जाळावा. तोच मी, चुलीपुढे हरलो होतो.

ज्या घरात मी वाढलो तेथे दोन विस्तव होते. एक मायचा आणि एक बाबांचा. बाबा गावातल्या धानाच्या गिरणीवर मिस्त्री होते. साठ-बासष्ट वर्षांपूर्वीची ही गोष्ट. गिरणीतले इंजिन तेव्हाच जुनाट म्हणावे असे होते: एकच आडवे सिलिंडर, दोन्ही बाजूंना पुरुषभर उंचीची चाके, आणि सिलिंडरच्या डोक्याशी पालथ्या तांब्यासारखा एक लोखंडी गोळा. हे इंजिन आजच्या इंजिनाप्रमाणे कळ दाबून सुरू होत नसे. सकाळी बाबा हवा भरलेली बत्ती पेटवून त्या गोळ्याखाली धरीत. बत्ती घोंघावे, गोळा हळूहळू काळ्याचा तांबूस आणि तांबूसाचा लाल होई. याला पंधरा-वीस मिनिटे लागत. तोवर धान घेऊन आलेले लोक पोत्यांवर बसून बिड्या ओढीत आणि कोणी उतावीळ असला तर "मिस्त्री, फिरवा ना चाक!" म्हणे. बाबांचे उत्तर ठरलेले असे: "डोकं तापल्याशिवाय हात लावायचा नाही." मग योग्य घटका आली की ते चाकाला एक हेलकावा देत, चाक मागे येई, आणि एकदम 'भक्' असा आवाज होऊन सारी गिरणी हलू लागे. एकदा इंजिन चालू झाले की बत्ती काढून घेता येई. गोळा आपल्याच आतल्या जाळाने लाल राही.

त्या गोळ्यात काय चालते हे मला फार पुढे, नागपुरास शिकावयास गेल्यावर कळले. हर्बर्ट अॅक्रॉइड स्टुअर्ट या इंग्रज गृहस्थाने १८९० साली त्या युक्तीचे पेटंट घेतले होते. तेल सरळ मोठ्या सिलिंडरात न जाळता, ते आधी त्या तापलेल्या लहान कोठीत सोडावयाचे. तेथे त्याची वाफ होते. दट्ट्या हवा दाबीत आला की ती हवा अरुंद मानेतून कोठीत शिरते. वाफ पेट घेते, आणि तिची ज्वाला त्याच मानेतून बाहेर, मोठ्या सिलिंडरात, फुत्कारत येते. मोठ्या घराला आग लावण्यासाठी शेजारी एक लहान खोली, अशी ही कल्पना होती. १९०९ साली जर्मनीत बेन्झच्या कारखान्यातील प्रॉस्पर लोरांज यांनी डिझेल इंजिनासाठी अशीच लहान कोठी योजिली. कारखान्यात आम्ही तिला प्री-चेंबर म्हणत असू. मी मनात तिला देवडी म्हणे. वाड्यात शिरण्याआधी जशी देवडी, तशी सिलिंडरात शिरण्याआधी आगीची ही देवडी.

आता मायचा विस्तव. पावसाळ्यात आमच्या घरी सरपण कधीही पुरते कोरडे नसे. तरीही माय चूल पेटवी ती एका काडीत. तिची रीत अशी, की जाड लाकडांना ती आरंभी स्पर्शही करीत नसे. आढ्याखाली, जेथे धुराची ऊब लागे, तेथे तिने तुराट्यांची एक जुडी खोचून ठेवलेली असे. चुलीच्या तोंडाशी मूठभर वाळले तणस, त्यावर मोडलेल्या चार तुराट्या, आणि त्यांचा लहानसा नेटका जाळ. तो नीट धरला की मग बारीक फाटे. आणि ते लाल झाले की मग फुकणीची एक लांब फुंकर, अशी की त्या लहान जाळाची जीभ सरळ जाड लाकडांच्या पोटात शिरे. मी एकदा उत्साहाने फुकणी हातात घेतली आणि काळ्या लाकडावर फुंकू लागलो, तेव्हा ती म्हणाली, "बाबू, लाकडावर नको फुकू. इस्तवावर फुक. लाकूड आपसुक पेटते."

मायचे हे बोलणे आणि बाबांचे ते बोलणे एकच होते, हे मला त्या वयात कळण्याचे कारण नव्हते. पण पुढेही कित्येक वर्षे कळले नाही, ही मात्र खंत आहे.

पुण्याच्या परिसरात नळाने नैसर्गिक वायू येऊ लागला, आणि कारखाने, इस्पितळे यांना त्या वायूवर वीज करून देणारी इंजिने हवीत असा विचार आमच्याकडे जोराने सुरू झाला, त्या काळात ते काम माझ्याकडे आले. वायूचे इंजिन म्हणजे काही नवी वस्तू नव्हे. निकोलाउस ऑटो यांचे १८७६ सालचे सुप्रसिद्ध इंजिन वायूवरच चाले. त्यातही ठिणगी नसे. बाहेर तेवत असलेल्या ज्योतीतून एक लहानशी ज्वाला सरकत्या झडपेने आत नेऊन ती मुख्य वायूला लावीत असत. तेव्हा लहान आगीने मोठी आग लावण्याची युक्ती या यंत्राच्या जन्माबरोबरच जन्मली, असे म्हणण्यास हरकत नाही.

परंतु आमची अडचण ऑटो यांच्या अडचणीहून निराळी होती. नैसर्गिक वायूच्या एका मापाला पुरते जळण्यास हवेची सुमारे साडेनऊ मापे लागतात. एवढीच हवा दिली तर मिश्रण छान पेटते, पण ज्योत इतकी तापते की हवेतले नायट्रोजन आणि ऑक्सिजन एकमेकांस मिठी मारतात आणि छातीला अपायकारक असे वायू धुराड्यातून बाहेर पडतात. सुमारे पंधराशे अंशांपुढे हे मीलन फार वेगाने वाढते. म्हणून हवा जास्त द्यावयाची. दुप्पट, जवळजवळ एकोणीस मापे. मिश्रण असे पातळ केले की ज्योत थंड राहते, विषारी वायू घटतात, आणि इंधनातून कामही अधिक निघते. सर्व गुणच गुण. दोष एकच, की असे मिश्रण पेटत नाही. पेटले तर रेंगाळत पेटते.

किती रेंगाळत, याचा हिशेब वाचकांनी करून पाहण्याजोगा आहे. वीज करणारे इंजिन मिनिटास पंधराशे फेरे घेते. म्हणजे एका फेऱ्यास सेकंदाचा पंचविसावा भाग. वायू जळून जाण्यास त्या फेऱ्याचा फार तर आठवा-नववा हिस्सा मिळतो. आणि योग्य मिश्रण असतानाही, ते शांत उभे असेल तर, ज्योत ताज्या वायूत सेकंदास सुमारे चाळीस सेंटिमीटर एवढ्याच चालीने शिरते. मागून फुगणारा जळका वायू तिला पुढे ढकलतो हे खरे, तरी पाच सेंटिमीटर अंतर कापण्यास तिला जवळजवळ अर्धा फेरा लागेल. मिश्रण दुपटीने पातळ केले की ही चाल आणखी कितीतरी मंदावते. सिलिंडरात वायू घुसळला जातो, त्या घुसळणीने ज्योत चुरगळते, तिचे अंग वाढते, आणि म्हणूनच इंजिने चालतात. पण पातळ मिश्रणात ठिणगीपाशी जन्मलेले ज्योतीचे इवलेसे बी त्या घुसळणीतच विझून जाते. मग तो ठोका चुकतो. मिस्त्री लोक याला 'मिसिंग' म्हणतात. आणि चुकलेल्या ठोक्याचा सारा वायू न जळता धुराड्यातून आकाशात जातो.

आम्ही ठिणगी मोठी केली. नंतर आणखी मोठी केली. प्लगची टोके झिजून गेली, पण ठोके चुकावयाचे थांबले नाहीत. आज त्या दिवसांची आठवण झाली की पडवीतला मीच मला दिसतो: जाड ओल्या लाकडावर कागद जाळीत बसलेला.

शेवटी देवडीचा मार्ग धरला. तो जगात इतरत्र रुळलेला होता. १९७२ साली जपानच्या होंडा कंपनीने मोटारीच्या इंजिनात अशी लहान कोठी बसवून, तीत दाट आणि बाहेर पातळ मिश्रण ठेवून, अमेरिकेच्या १९७० सालच्या कडक कायद्याची कसोटी उतरून दाखविली होती. रशियात निकोलाय सेम्योनोव्ह, ज्यांना साखळी-प्रक्रियांच्या अभ्यासासाठी १९५६ साली रसायनशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले, त्यांनी व त्यांच्या सहकाऱ्यांनी अशा कोठीतून बाहेर येणाऱ्या झोतांचा विचार केला होता. त्या झोतात केवळ उष्णता नसते. जळणाच्या ऐन मध्यावर तुटलेले, कोणाशी तरी जोडले जाण्यास आतुर असे रेणूंचे तुकडे असतात, आणि ते जेथे पडतात तेथे पातळ मिश्रणातही नवी आग रुजते.

मोठ्या वायू-इंजिनात ही कोठी फारच लहान असते. दट्ट्या वर आल्यावर जी जागा उरते तिच्या शेकडा दोन ते पाच भाग. तिला वायूची आपली स्वतंत्र बारीक झडप असते. आत मिश्रण दाट, सहज पेटणारे. प्लग तेथेच बसतो. ठिणगी पडली की कोठी पेटते, आतला दाब एकदम चढतो, आणि तळाच्या सहा-आठ भोकांतून तेवढ्याच ज्वालांच्या जिभा मोठ्या सिलिंडरात घुसतात. एका ठिणगीच्या जागी एवढ्या मशाली, आणि एकेका मशालीची लांबी अशी की ज्योतीला फार चालण्याचे कामच उरत नाही. ठिणगीच्या मानाने या पेटवणाची शक्ती सुमारे हजारपट असते.

पहिल्या दिवशी जेव्हा चुकणारे ठोके थांबले, दाबाच्या रेघा पडद्यावर एकावर एक नेमक्या बसू लागल्या, तेव्हा आमच्या खोलीत पेढे वाटले गेले. तेथे थांबलो असतो तर बरे झाले असते. पण मला वाटले, लहान कोठीने एवढे होते तर थोड्या मोठ्या कोठीने केवढे होईल! बरोबरच्या एका तरुण अभियंत्याने हळूच सुचविले की आधी कोठीच्या आतला दाब मोजून पाहावा. मी वयाने आणि अधिकाराने मोठा; मी म्हटले, मोजू मागाहून. मोठी कोठी बनविली, तीत वायू जास्त सोडला. आणि मग एकामागून एक विपरीत घडत गेले. धुराड्यातले विषारी वायू घटण्याऐवजी वाढले, कारण दाट मिश्रणाची ती तापट आग आता कोठीतच मोठ्या प्रमाणात होत होती. कोठीत काजळी धरली. भोकांचे टोक इतके तापले की ठिणगीची वाट न पाहता वायू तेथेच अवेळी पेटू लागला. एका रात्री, मी घरी गेल्यावर, चाचणीचे इंजिन अर्धा तास तसेच चालले. सकाळी उघडून पाहतो तो दट्ट्याची कड वितळून एक बोट शिरेल एवढे खिंडार पडलेले. चूक कोणाची, हा प्रश्न कोणी विचारला नाही. विचारण्याची गरज नव्हती.

येथे असे लिहिणे फार गोड दिसेल की त्या क्षणी मला मायचे वाक्य आठवले आणि उपाय सुचला. तसे काही घडले नाही. उपाय सापडला तो त्या तरुणाच्या मोजणीने. त्याने कोठीत दाबमापक बसविला आणि दाखविले की आधीच्या फेऱ्यातला जळका वायू कोठीत मागे राहतो, नवा वायू त्याच्याशी नीट मिसळत नाही; म्हणून ठिणगीपाशी कधी फार दाट, कधी फार पातळ. मग कोठी पुन्हा लहान केली, भोकांची रुंदी आणि कल बदलला, वायूची झडप थोडी आधी मिटू लागलो, जेणेकरून सिलिंडरातून चढत येणारी हवा कोठी झाडून काढील आणि आतला वायू सारखा करील. प्रत्येक बदल मिलिमीटरच्या दशांशांतला आणि सेकंदाच्या हजारांशांतला. सात-आठ महिन्यांनी इंजिन असे चालू लागले की वर पाण्याने भरलेला पेला ठेवावा.

त्याच सात-आठ महिन्यांत माय गेली.

तिला खोकला पुष्कळ दिवसांचा होता. चढ चढताना धाप लागे, रात्री उठून बसावे लागे. घरच्यांनी तिला गोंदियास नेऊन दाखविले, तेव्हा मीही पुण्याहून गेलो होतो. डॉक्टरांनी छातीचे चित्र पाहिले आणि मला बाजूला घेऊन विचारले, "या बिडी ओढतात का?" मी म्हटले, जन्मात कधी नाही. त्यांनी पुन्हा चित्राकडे पाहिले आणि दुसरा प्रश्न केला, "स्वयंपाक कशावर?" मी सांगितले. त्यांनी मान हालविली. पन्नास-पंचावन्न वर्षे, रोज दोन वेळ, ओल्या सरपणाच्या धुरात बसलेल्या बाईच्या छातीत आणि रोज बिड्यांचा कट्टा संपविणाऱ्या पुरुषाच्या छातीत फार अंतर उरत नाही, एवढे ते सौम्यपणे बोलले. जागतिक आरोग्य संघटनेच्या हिशेबाने २०२० या एका साली घरातल्या धुराने जगात सुमारे बत्तीस लाख माणसे दगावली. त्या आकड्यात मायची गणना नाही, ती आधीच गेली होती. पण तिच्यासारख्यांचाच तो आकडा आहे.

परतताना गाडीत माझ्या मांडीवर चाचणीच्या कागदांची गठडी होती. धुराड्यातून निघणाऱ्या एकेका वायूचे प्रमाण दशलक्षांत किती भाग, याचे तक्ते. त्या रात्री मला प्रथमच एक गोष्ट उघड दिसली, आणि ती आजतागायत डोळ्यांपुढून हलत नाही. पस्तीस वर्षांत मी किती इंजिनांच्या धुराड्यांत नळ्या घालून धूर मोजला असेल याची गणती नाही. मायच्या स्वयंपाकघरातला धूर मी एकदाही मोजला नाही. अर्धवट जळणे म्हणजे काय, हे मला माहीत नव्हते असे थोडेच आहे? लाकडाची वाफ आणि वायू बाहेर पडतात, त्यांना पुरेशी ऊब आणि पुरेशी हवा एकाच ठिकाणी आणि एकाच वेळी मिळाली नाही, की ते न जळता धूर होतात. ही माझ्या रोजच्या कामाची भाषा होती. सुटीत घरी आलो की त्याच धुरात पाट मांडून मी जेवत असे आणि "काय धूर हा, माय!" असे म्हणून डोळे पुशीत असे. ती ओशाळून म्हणे, "लाकडं ओली हाएत, बाबू." जणू काही अपराध तिचा.

गॅसचा सिलिंडर मी तिला घेऊन दिला होता, हे माझ्या बाजूने सांगण्याजोगे. पण तो चहापुरता असे. भात, वरण, अंघोळीचे पाणी, सारे चुलीवर. कारण रान जवळ होते आणि सिलिंडर दूर. चुलीखाली लोखंडी जाळी बसवून लाकडांना खालून हवा द्यावी, धुराला वर जाण्यास एक धुराडे करून द्यावे, एवढे काम कोणत्याही गवंड्याकडून दोन दिवसांत झाले असते. आमच्या कोठीच्या एका भोकाचा कल ठरविण्यास मला तीन आठवडे लागले होते.

मी इंजिनाच्या कामास हलके लेखतो असा समज कोणी करून घेऊ नये. वायूच्या इंजिनातून न जळता निसटणारा मिथेन वजनास वजन धरून शंभर वर्षांच्या मुदतीत कर्बवायूच्या जवळजवळ तीसपट पृथ्वीला तापवितो. त्यातला जेवढा जाळता येईल तेवढा जाळणे हे पुण्याचेच काम आहे. देवडीने ते काम बरेचसे होते, सर्व होत नाही. दट्ट्या आणि सिलिंडर यांच्या फटीत लपलेला वायू, थंड भिंतीशी चिकटून राहिलेला वायू, यांच्यापर्यंत ज्वालेची जीभ पोहोचत नाही. बंगलोरच्या विज्ञानसंस्थेत लाकडाच्या वायूवर, सतरास एक इतक्या दाबाच्या प्रमाणात, इंजिन ठोका न देता चालवून दाखविल्यालाही आता वीसहून अधिक वर्षे झाली. धानाच्या तुसापासून असाच वायू काढता येतो, आणि २००७ साली बिहारमधल्या एका खेड्यात तुसाच्या वायूवर वीज करून घरोघर दिवे लावण्याचा उद्योग सुरू झाला, हे वाचल्यावर मला आमच्या गिरणीमागचे तुसाचे ढीग आठवल्याशिवाय राहिले नाहीत. हा वायू मुळातच पातळ. त्यात निम्म्याच्या आसपास नायट्रोजन. तो नीट पेटविण्याची कला ज्यांच्या हाती आहे त्यांनी ती चिचगडसारख्या गावांपर्यंत आणावी, अशी माझी इच्छा आहे. मी स्वतः आता म्हातारा झालो.

पण ज्याला लहान विस्तव आधी नीट लावता येत नाही, त्याने मोठ्या विस्तवाच्या गोष्टी सांगू नयेत, हे मला त्या आषाढातल्या सकाळी पटले. मी रचलेली जाड लाकडे पुन्हा बाहेर काढली. मावशींना म्हटले, "मला चूल पेटवता येत नाही. तुम्ही दाखवा." त्या पदर खोचून आल्या. त्यांनी आढ्याकडे पाहिले, आणि तेथे, कौलांखाली, काळी पडलेली तुराट्यांची एक जुडी अजून खोचलेली होती. मायच्या हातची ती असेल काय? इतकी वर्षे ती राहील असे वाटत नाही. मागाहून राहिलेल्या भाडेकरूंपैकी कोणीतरी ठेवली असेल. मी विचारले नाही. मावशींनी तिच्यातल्या चार काड्या मोडल्या, मूठभर तणस आपल्या घरून आणले, आणि काडी लावली. लहान जाळ नीट धरल्यावर त्यांनी फुकणी माझ्या हातात दिली.

मी या वेळी लाकडावर फुंकले नाही.

चहा झाला. दोघांनी पडवीत बसून घेतला. मावशींना मधून मधून खोकल्याची उबळ येत होती, तशीच, ओळखीची. पाऊस उघडल्यावर दुसऱ्या दिवशी मी देवरीस गेलो आणि दोन लोखंडी जाळ्या व धुराड्याचे पाइप घेऊन आलो. गवंडी म्हणाला, "दोन कशाला? घरात तर एकच चूल हाए तुमच्या." मी त्याला कुडापलीकडचे घर दाखविले आणि म्हटले, "आधी तिकडची."